चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभं असताना उंची २९०० फूट का दिसते?

गेल्या आठवड्यात हिंगोलीचा भाचा जालन्याला आला, तो बॅगेत कपडे कमी आणि लॅपटॉप-जॉयस्टिक जास्त घेऊन. मी दुकानात एका जळालेल्या सबमर्सिबल मोटारीची तार उकलत बसलो होतो. त्यानं टेबलावरची तांब्याची वेटोळी बाजूला सारली, लॅपटॉपवर विमान उडवायचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, उघडला आणि म्हणाला, "मामा, हे बघा. विमान धावपट्टीवर उभं आहे, चाकं टेकलेली आहेत, आणि मीटर एकोणतीसशे फूट दाखवायलंय. तीनदा काढून परत टाकलं. डाउनलोडच खराब आहे."

तीनदा! तेही मोबाइलच्या डेटावर. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. हाच प्रश्न थोड्या फरकानं मला परभणीहून आलाय, अंबाजोगाईहून आलाय, आणि आमच्याच गल्लीतल्या, आता पुण्याला असलेल्या पोरानंही विचारलाय. कुणाला उंची हजार फूट जास्त दिसते, कुणाला पावणेतीनशे. कुणाचं विमान धावपट्टी सोडून भलत्याच दिशेला वळतं. पहिलं सांगणं एकच: विमान काढून परत टाकू नका. आजवर माझ्याकडे आलेल्या तक्रारींत मीटर खरंच बिघडलेलं असं एकदाही निघालं नाही. वाचायला चुकलं होतं, नाहीतर मीटरला जे द्यायचं ते दिलेलं नव्हतं.

विमान बोइंग ७३७-२००. इंडियन एअरलाइन्सकडे हीच विमानं होती आणि चिकलठाण्याला, म्हणजे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विमानतळावर, ती वर्षानुवर्षं उतरली. त्यामुळे आपल्याकडच्या हौशी मंडळींचा ओढा याच विमानाकडे. यात नवीन विमानांसारखा रंगीत पडदा नाही आणि नकाशावर सरकणारं विमानाचं चित्रही नाही. समोर नुसत्या गोल डायली आणि काटे. बऱ्याच सिम्युलेटरांत विमानतळ अजून औरंगाबाद याच नावानं आहे. सापडला नाही तर त्याच्या कोडची व्हीएएयू (VAAU) ही चार अक्षरं टाका. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १९११ फूट. हा आकडा पाठ करा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

हजार फुटांची चूक

भाच्याच्या पडद्यावर मी उंचीच्या डायलवर झूम केलं. जुन्या पद्धतीच्या या अल्टिमीटरला एकच लांब काटा असतो. तो ० ते ९ या आकड्यांवरून फिरतो आणि शेकडे दाखवतो. पूर्ण एक फेरा म्हणजे हजार फूट. हजार किती झाले ते सांगायला डायलमध्ये छोटी खिडकी असते. तिच्यामागे आकडे छापलेला ड्रम फिरत असतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं.

गोम अशी की या जुन्या प्रकारात ड्रम टप्प्याटप्प्यानं, खटकन उडी मारून पुढे जात नाही. तो काट्याबरोबर संथपणे फिरत राहतो. म्हणजे १५०० फुटांवर खिडकीत १ अर्धा वर सरकलेला आणि २ अर्धा खालून डोकावणारा. आता १९११ फुटांवर काय दिसेल? १ जवळजवळ निघून गेलेला, फक्त त्याचा खालचा तुकडा खिडकीच्या वरच्या कडेला चिकटलेला. आणि २ जवळजवळ मधोमध, ऐटीत. काटा ९ च्या किंचित पुढे. माणूस काय वाचणार? दोन, नऊ. एकोणतीसशे.

भाच्याला विचारलं, "भिंतीवरच्या घड्याळात दोनला सहा मिनिटं कमी असताना तास काटा कुठं असतो?"

"दोनवरच असतो की जवळजवळ."

"आणि मिनिट काटा चोपन्नवर. मग तू दोन चोपन्न म्हणतोस का?"

तो हसला, पण लगेच म्हणाला, "मामा, घड्याळाची सवय आहे, याची नाही." खरं आहे त्याचं. पावणेदोनला कुणी पावणेतीन म्हणत नाही, कारण लहानपणापासून तो तास काटा आपण अंदाजानं आणि मिनिट काटा नेमका वाचत आलोय. इथेही तेच करायचं. काटा ७, ८, ९ कडे असेल तर ड्रमवर जो आकडा 'येतोय' तो धरायचा नाही, जो 'जातोय' तो धरायचा. काटा ०, १, २ कडे असेल तेव्हा हा प्रश्नच येत नाही, कारण नवा आकडा नुकताच मधून पुढे सरकलेला असतो.

म्हणून हा गोंधळ नांदेडला फारसा कुणाला होत नाही. तिथली उंची बारा-साडेबाराशे फुटांच्या घरात. काटा २ च्या आसपास, ड्रमवर १ स्पष्ट. मुंबईला तर जवळजवळ शून्यच. चिकलठाणं मात्र नेमकं त्या अडचणीच्या जागी बसलंय. त्यामुळे तक्रार आपल्याकडूनच जास्त येते याचं मला तरी नवल वाटत नाही.

हे खेळापुरतं नाही. खऱ्या कॉकपिटमध्येही ड्रमवाली आणि त्याआधीची तीन काट्यांची अल्टिमीटरं चुकीची वाचली गेली आहेत. म्हणूनच पुढच्या पिढीत हजारांचा आकडा खटकन बदलणारी, पूर्ण आकड्यांत उंची दाखवणारी मीटरं आली. तुमच्या सिम्युलेटरात तसं नवं मीटर निवडायची सोय असेल तर हवं तर घ्या. मी घेत नाही. जुनं विमान उडवायचं तर जुनं मीटर वाचता यायला पाहिजे, असं माझं मत. भाचा मला यावरून हट्टी म्हणतो.

पावणेतीनशे फुटांची चूक

ड्रम नीट वाचूनही जमिनीवर २१९० च्या आसपास दिसत असेल, तर कारण वेगळं आहे. आणि ते हवेत असताना जास्त धोक्याचं आहे.

अल्टिमीटर उंची मोजतच नाही. त्याच्या पोटात हवा काढून बंद केलेली पातळ पत्र्याची डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, वाढला की दबते, आणि तेवढ्यानं काटा हलतो. दाब दोन कारणांनी बदलतो. एक तर आपण वर गेलो म्हणून, नाहीतर हवामानच बदललं म्हणून. डबीला यातला फरक कळत नाही. तो तुम्ही सांगायचा. त्यासाठी मीटरच्या बाजूला बटण आणि एक छोटी खिडकी असते, तिला कोल्समन खिडकी म्हणतात. पॉल कोल्समन यांनी बनवलेलं असं नेमकं अल्टिमीटर घेऊनच २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी बाहेर न बघता, फक्त काट्यांवर विमान उडवून उतरवून दाखवलं होतं.

सिम्युलेटर सुरू झाला की खिडकीत बहुतेक वेळा १०१३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) असतं, हा जगभर मानलेला सरासरी दाब. पण आपल्याकडे आषाढात समुद्रसपाटीला आणलेला दाब, म्हणजे हीच जागा समुद्रसपाटीवर असती तर जेवढा भरला असता तेवढा, १००३ च्या घरात येतो आणि पौषात १०१६ पर्यंत जातो. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट. दहाचा फरक, २८० फूट. ही तुमची पावणेतीनशे.

दिशा लक्षात ठेवा, कारण इथेच लोक उलटं समजतात. खरा दाब १००३ आणि खिडकीत १०१३ राहिलं, तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतं. म्हणजे काटा सांगतो २५००, तुम्ही मनाशी म्हणता जमिनीपासून अजून सहाशे फूट वर आहे, आणि प्रत्यक्षात खाली ज्वारीचं रान तीनशे फुटांवर असतं. ढग असतील तर ते दिसणारही नाही.

चूक नेमकी कधी होते? वर जाताना ठरलेल्या उंचीनंतर सगळी विमानं १०१३ लावतात, म्हणजे एकमेकांशी तुलना सारखी राहते. ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. उतरताना परत स्थानिक दाब लावायचा असतो, तो विसरतो. मुंबईहून चिकलठाणं हवाई अंतरानं जेमतेम १५० नॉटिकल मैल. वर पोचेपर्यंत उतरायची वेळ. २५ हजारांवरून तीन अंशांच्या उतारानं यायचं तर हजार फुटांना तीन मैल, म्हणजे धावपट्टीच्या सत्तर-पंचाहत्तर मैल आधीच उतरायला लागायचं. त्या धांदलीत खिडकीकडे कोण बघतो. मी एक सवय लावून घेतलीय: उतरण्यासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढायला हात गेला की आधी डोळा त्या खिडकीवर. हात आणि डोळा एकत्र बांधले की विसरत नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बी ही कळ दाबली की तिथला दाब आपोआप लागतो. भाच्यानं तेच केलं होतं, म्हणून त्याचा दाब बरोबर होता आणि फक्त ड्रमनं दगा दिला. घाईत बी दाबायला हरकत नाही. पण बटण माउसनं फिरवून, आकडा बघून लावलात तर तो डोक्यात राहतो.

याच खिडकीच्या आणखी दोन खोड्या. आपल्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, आणि अमेरिकी बनावटीच्या बऱ्याच कॉकपिटात खिडकी पाऱ्याच्या इंचांत असते. १०१३ म्हणजे २९.९२ इंच, १००३ म्हणजे २९.६२. दोन्ही खिडक्या असल्या तर प्रश्न नाही. एकच असली तर तक्ता शेजारी ठेवा. सगळ्यात वाईट गफलत चक्रीवादळाच्या दिवसांत होऊ शकते: दाब ९९२ असतो आणि माणूस २९.९२ लावून मोकळा होतो. आकडे ऐकायला भावाभावासारखे, पण फरक जवळजवळ सहाशे फुटांचा.

दुसरी खोडी परभणीच्या एकानं केली. त्यानं हवामानाच्या साइटवरून 'पृष्ठभागावरचा दाब' घेतला. तो होता ९४५. तो खिडकीत लावायला गेला तर बटण पुढे जाईना, म्हणून मला फोन: बटण जाम आहे. बटण जाम नव्हतं. ९४५ हा चिकलठाण्याच्या जमिनीवरचा प्रत्यक्ष दाब आहे, समुद्रसपाटीला आणलेला नाही. तो लावला तर जमिनीवर मीटर शून्य दाखवेल, आणि बऱ्याच अल्टिमीटरांची खिडकी तेवढ्या खाली जातच नाही. आपल्याला हवा तो समुद्रसपाटीचा दाब, विमानवाले त्याला क्यूएनएच म्हणतात.

मे महिन्यातली शंभर फुटं

ड्रम नीट, दाब नीट, तरी मे महिन्यात विमान धावपट्टीच्या वरून जातं. ही तक्रार कमी येते, पण ज्यांचा सिम्युलेटर तापमानाचा हिशेब धरतो त्यांना येते, आणि ते बिचारे स्वतःलाच दोष देतात.

तापलेली हवा फुगलेली असते. दाब तेवढाच कमी व्हायला तिच्यात जास्त उंच चढावं लागतं. ४२ अंशांच्या दुपारी, जेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा मीटर 'जमिनीपासून हजार फूट' सांगत असेल तर तुम्ही प्रत्यक्षात अकराशेच्या आसपास असता. जमिनीवर टेकताना ही चूक शून्य होते, कारण दाब तिथलाच लावलेला आहे. वर मात्र ती राहते. मैलाला तीनशे फूट या हिशेबानं कागदावर लिहून घेतलेल्या उंच्या पाळत आलात, तर शेवटी थोडे वरच सापडाल.

याची पडताळणी रेडिओ अल्टिमीटरवर करा. तो हवेचा दाब बघत नाही, खाली रेडिओ लहर सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. २५०० फुटांच्या आत जागा होतो. पण तो 'आत्ता पोटाखाली जे आहे' तेवढंच सांगतो. मुंबईहून येताना सह्याद्रीवरून खाली आलात तर तो अचानक जागा होऊन झपझप उतरेल, कारण तिकडे कळसूबाईच १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच आहे. ते बघून 'रेडिओ अल्टिमीटर बिघडलं' असं लिहू नका. ते त्या वेळी तुमच्यावर उपकार करत असतं.

ताकद लागत नाही, विमान उचलत नाही

हीसुद्धा उन्हाळ्यातलीच ओरड. थ्रॉटल पूर्ण पुढे, तरी विमान रांगतंय.

इंजिनाच्या डायली मधल्या पट्टीत दोन-दोनच्या जोड्यांनी असतात. सगळ्यात वर ईपीआर. जे इंजिन या विमानाला आहे, प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी८डी, त्याची ताकद यावर लावतात. ईपीआर म्हणजे मागून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब भागिले पुढून आत येणाऱ्या हवेचा दाब. नुसतं गुणोत्तर. १.९ किंवा २.० असा आकडा दिसतो. कुणाच्या तरी व्हिडिओत २.० बघायचं आणि जालन्याच्या उन्हात तेवढंच आणायचा हट्ट धरायचा, हे चुकीचं. तापमान साधारण तिशीच्या पुढे गेलं की इंजिन पोळू नये म्हणून ईपीआरची कमाल मर्यादा उतरत जाते. तक्त्यात बाहेरचं तापमान आणि विमानतळाची उंची घालून आकडा काढायचा, ईपीआरच्या डायलवरची खूण तिथे फिरवून ठेवायची आणि काटा तिथवरच न्यायचा. त्यापुढे ढकललं तर खालची ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाची डायल, लाल पट्ट्याकडे धावते. मोटार ओव्हरलोडवर चालवली की वायंडिंगचं काय होतं ते मी रोज बघतो. माझं पोट त्यावरच चालतं, पण विमानाच्या इंजिनाला ते करू नका.

४२ अंशांत आणि १००३ दाबात चिकलठाण्याची हवा इतकी विरळ वागते की विमानाला आपण पावणेसहा-सहा हजार फुटांवरच्या विमानतळावर आहोत असं वाटतं. वेगाच्या काट्यावर उचलायचा आकडा तोच राहतो, समजा १३०. पण जमिनीवरचा खरा वेग तेव्हा १४० च्या पुढे गेलेला असतो. म्हणून धावपट्टी जास्त लागते. काटा खोटा नाही. पंखाला जेवढी हवा मिळतेय तेवढं तो सांगतो.

वेगाच्या डायलच्या कडेला सरकवायच्या छोट्या खुणा असतात. उड्डाणाआधी त्या लावा: इथवर थांबता येईल, इथं नाक उचलायचं, इथं चढायचं. बरेच जण त्या तशाच सोडतात आणि 'वाटलं तसं' उचलतात. चिकलठाण्याच्या बाबतीत तरी असं करू नये असं मला वाटतं. २६ एप्रिल १९९३ ला इथूनच मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७-२०० धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत नाक उशिरा उचलणं आणि उचलायची चुकीची पद्धत ही कारणं निघाली, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहनं न रोखणं हेही. आमच्या पिढीला तो दिवस अजून आठवतो.

ईपीआरबद्दल आणखी एक. तो एकटा वाचायचा नाही, खालची एन-वन, म्हणजे पुढच्या पंख्याच्या फिरण्याची टक्केवारी, त्याच्या जोडीनं वाचायची. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं ७३७-२०० बर्फात उडालं. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी नळी बर्फानं बुजली होती. पुढचा दाब खोटा, कमी आला, म्हणजे भागाकार खोटा, जास्त आला. डायल २.०४ दाखवत होती आणि प्रत्यक्षात इंजिनं १.७० च्या आसपासच ताकद देत होती. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत पडलं, ७८ जण गेले. एन-वनकडे बघितलं असतं तर तिथं कमीच दिसत होतं.

आपल्याकडे जमिनीवर बर्फ कुठला. पण पावसाळी ढगांत सोळा-अठरा हजारांच्या वर गेलात की पाणी गोठतं. तेव्हा ईपीआर अचानक वेडंवाकडं वागलं आणि एन-वन जागेवर असली, तर इंजिनाचं अँटी-आइस, म्हणजे बर्फ धरू न देणारी सोय, चालू करायचं राहिलंय. ढगात शिरण्याआधी, तापमान १० अंशांच्या खाली असेल तर ते चालू करायचंच.

विमान भलतीकडे वळतं

पुण्याच्या पोराची ही तक्रार. "धावपट्टीची फ्रिक्वेन्सी लावली, ऑटोपायलट लावला, तरी विमान पैठणच्या दिशेला निघालं."

त्याचे फोटो मागवले. तीन गोष्टी निघाल्या, तिन्ही एकाच फोटोत!

एक, फ्रिक्वेन्सीच चुकलेली. १०८ ते ११२ च्या मधे धावपट्टीचा लोकलायझर (धावपट्टीच्या मधल्या रेषेवर आणणारा रेडिओ सिग्नल) आणि साधा व्हीओआर (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन) दोन्ही असतात, आणि त्यांची ओळख दशांशानंतरच्या पहिल्या आकड्यावरून पटते. विषम असेल, जसं ११०.३, तर लोकलायझर. सम असेल, जसं ११०.४, तर व्हीओआर. आकडा लावल्यावर रेडिओचा आवाज उघडून मोर्सची टिकटिक चार्टवरच्या, म्हणजे वैमानिकांच्या नकाशावरच्या, अक्षरांशी जुळवा. कंटाळवाणं आहे, पण चुकीच्या स्टेशनच्या मागे जाण्यापेक्षा बरं.

दोन, एचएसआय या दिशेच्या डायलमधला कोर्स, म्हणजे ज्या दिशेनं जायचं ती अंशांत लावलेली, मागच्या फ्लाइटचाच राहिलेला. लोकलायझरवर डावी-उजवी चूक दाखवणारी पट्टी कोर्सच्या आकड्यावर अवलंबून नसते. पण ती रंगवलेली असते त्या कोर्सच्या बाणावर. बाण उलटा असला तर डावं-उजवं तुमच्या डोक्यात उलटतं. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, ०९ आणि २७. ०९ वर उतरायचं असेल तर बाण पूर्वेकडे, चार्टवरच्या नेमक्या अंशावर. व्हीओआरवर तर कोर्सचा आकडा सगळंच ठरवतो. आणि एक फरक ध्यानात ठेवा. व्हीओआरवर पट्टी टोकाला म्हणजे साधारण १० अंश बाजूला, लोकलायझरवर तेच अडीच. म्हणजे लोकलायझरची पट्टी चौपट चपळ. ती हलली की घाबरून मोठं वळण घेऊ नका, दोन-तीन अंशांनी नाक वळवा आणि थांबा.

तीन, आणि खरं कारण हेच: ऑटोपायलट हेडिंगवरच होता, म्हणजे नाकाची ठरवून दिलेली दिशा तेवढी धरून चालला होता. पोरानं त्याला लोकलायझर बघायला सांगितलंच नव्हतं. या जुन्या ऑटोपायलटला सगळं वेगळं वेगळं सांगावं लागतं, आधी व्हीओआर-लोकलायझर, मग ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरायचा उतार दाखवणारा सिग्नल. तो स्वतःहून काही ओळखत नाही.

आरएमआयवर, म्हणजे रेडिओ स्टेशन कुठल्या दिशेला आहे ते दाखवणाऱ्या डायलवर, दोन काटे, एक बारीक, एक जाड. डायलच्या कोपऱ्यातल्या छोट्या स्विचनं ठरतं की काटा व्हीओआर बघतोय की एडीएफ (दुसऱ्या, जुन्या प्रकारच्या स्टेशनची दिशा शोधणारा रेडिओ). काटा उजवीकडे तीन वाजल्यासारखा आडवा पडून हलतच नसेल, तर बहुतेक तो एडीएफवर आहे आणि तिथे स्टेशनच लावलेलं नाही.

कुठल्याही डायलवर लाल पट्टी आडवी आली असेल तर बाकी काहीही वाचायच्या आधी ती बघा. पट्टी असताना काटा मधोमध असला तरी त्याला अर्थ नाही. वीज गेलेली असते, सिग्नल नसतो किंवा जायरो, म्हणजे डायलला दिशा देणारी आतली फिरती चकती, अजून फिरायला लागलेला नसतो. डीएमई, म्हणजे स्टेशन किती लांब आहे ते दाखवणारं मीटर, मात्र तिरकं अंतर सांगतं. तीस हजारांवर स्टेशनच्या बरोबर डोक्यावर असाल तरी ते पाच मैल दाखवेल. ते बरोबरच आहे.

काल रात्री भाच्याचा फोन आला. मुंबईहून निघून चिकलठाण्याला उतरला म्हणे, दाब हातानं लावला, ड्रम नीट वाचला, आणि जमिनीवर मीटर अठराशे सत्तर दाखवायलंय. एक्केचाळीस फूट कमी. "मामा, परत टाकू का विमान?"

खऱ्या विमानातही उड्डाणाआधी ७५ फुटांपर्यंतचा फरक चालवून घेतात, त्याला म्हणालो. तो म्हणाला, "मग झोपतो." आणि फोन ठेवला.